एसीच्या एका तारेचा इतिहास

१ ऑक्टोबर २०२५पासून भारतात तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गांतील, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा असणे बंधनकारक झाले आहे. मसुदा जुलै २०२३मध्ये आला, अंतिम अधिसूचना डिसेंबर २०२३मध्ये निघाली, आणि बातम्यांमध्ये चर्चा झाली ती मुख्यतः खर्चाची व चालकांच्या सोयीची. मे महिन्यात उत्तर भारताच्या मैदानी रस्त्यावर इंजिनाला लागून असलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये दहा-बारा तास काढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही सोय नाही, शरीराची गरज आहे. परंतु यंत्र बसवणे एक आणि ते बिघडल्यावर नेमके काय बिघडले हे ओळखणे दुसरे. या दुसऱ्या कामाचा इतिहास सुमारे दोनशे वर्षांचा आहे, आणि त्यातला एक मोठा भाग भारतातच घडलेला आहे.

रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये एसी बंद पडल्याची तक्रार गेली की पहिले निदान बहुधा ठरलेले असते : गॅस संपला. हे वाक्य इतके रुळले आहे की गॅस पेट्रोलसारखा खर्च होतो, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. वास्तविक शीतक वायू बंद नळ्यांच्या फेऱ्यात फिरतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. पण येथे विचार करायचा आहे तो याहून फसव्या प्रसंगाचा. वायू पुरेसा आहे, कॉम्प्रेसर धडधाकट आहे, पंखा चालतो आहे, तरीही झोतातून येते ती गरम हवा. दोष असतो दोन बारीक तारांत, किंवा त्या तारांच्या टोकाशी असलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या मण्यात.

हा मणी म्हणजे थर्मिस्टर. गाडीतील हवा ज्या थंड जाळीवरून वाहते त्या इव्हॅपोरेटरवर तो बसवलेला असतो. जाळीचे तापमान शून्याच्या जवळ गेले तर हवेतील बाष्प तिच्यावर बर्फ होऊन साचते आणि हवेची वाटच बंद होते. म्हणून साधारण तीन-चार अंशांपर्यंत जाळी उतरली की कॉम्प्रेसर काही काळ थांबवावा लागतो. तापमान वाढले की या मण्याचा विद्युत-रोध घटतो, उतरले की वाढतो. नियंत्रक एका ठरावीक रोधातून त्याला पाच व्होल्ट देतो आणि मण्याच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट उरतात ते वाचतो. जाळी जितकी थंड, तितके व्होल्ट अधिक.

आता तार तुटली असे समजा. तुटलेल्या तारेचा रोध अमर्याद, म्हणून नियंत्रकाला पूर्ण पाच व्होल्ट दिसतात. त्याच्या भाषेत याचा अर्थ एकच : जाळी विलक्षण गारठली आहे, शून्याखाली चाळीस अंशांच्याही पलीकडे. बाहेर पंचेचाळीस अंशांची धग असते, आत चालक घामाने निथळत असतो, आणि साध्या बांधणीचा नियंत्रक बर्फ साचू नये या काळजीने कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही. अलीकडचे नियंत्रक असले अशक्य तापमान ओळखून दोषाची नोंद करतात. पण स्वस्त गाड्यांत पुष्कळ वर्षे वापरल्या गेलेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरांना एवढा विवेक दिलेला नव्हता.

तापमान वाढले की पदार्थ विजेला अधिक वाट देतो, ही गोष्ट प्रथम नोंदवली ती मायकेल फॅरेडे यांनी, १८३३मध्ये. धातूंचे वर्तन नेमके उलटे असते : तापले की त्यांचा रोध वाढतो. फॅरेडे यांच्या हाती होते सिल्व्हर सल्फाइड. दिव्याने ते तापवताच त्यातून वाहणारी वीज वाढू लागली, दिवा दूर करताच कमी होत गेली. हे वर्तन सर्वसाधारण नियमाला सोडून आहे, याची त्यांना लगेच जाणीव झाली. पाठ्यपुस्तके या नोंदीला अर्धवाहकाचे पहिले निरीक्षण म्हणतात. ते थोडे सैलपणे म्हणतात, कारण सिल्व्हर सल्फाइडमध्ये इलेक्ट्रॉनांबरोबर चांदीचे आयनही धावतात आणि फॅरेडे यांना दिसलेला बदल केवळ इलेक्ट्रॉनांचा नव्हता. पण निरीक्षण खरे होते. त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मात्र पुंज यांत्रिकी उदयाला येईपर्यंत मिळाले नाही. १९३१मध्ये अ‍ॅलन विल्सन यांनी ऊर्जापट्ट्यांच्या आधारे अर्धवाहकांचा सिद्धान्त मांडला तेव्हा जवळजवळ शतक उलटले होते.

योगायोग असा, की त्याच १८३३ या वर्षी सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी रोधांची तुलना करण्याची एक चौकोनी जोडणी वर्णन केली. दहा वर्षांनी, १८४३मध्ये, चार्ल्स व्हीटस्टन यांनी तिचा प्रसार केला आणि नाव त्यांचेच चिकटले. व्हीटस्टन यांनी श्रेय ख्रिस्टी यांना दिले होते, हे सांगूनही लोक ऐकत नाहीत. एका बाजूला तापमानाचे रोधात रूपांतर करणारा पदार्थ, दुसऱ्या बाजूला रोध मोजण्याची युक्ती. दोघांची गाठ पडायला मात्र शंभर वर्षे जायची होती. मधल्या काळात रोध मोजण्याची विद्या वाढली ती तारायंत्राच्या आश्रयाने.

भारतात विल्यम ओ'शॉनेसी यांनी १८३९मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात तारांवरून संदेश पाठवण्याचे प्रयोग केले, आणि १८५१मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही मार्गिका सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत तारांचे जाळे उपखंडभर पसरले. शेकडो मैलांची तार जंगलातून, नद्यांवरून, खाऱ्या हवेतून जाते. ती कुठेतरी तुटते, कुठेतरी झाडाला टेकते, पावसाळ्यात ओल्या इन्सुलेटरांवरून तिची वीज थेंबाथेंबाने जमिनीत झिरपते. प्रत्येक वेळी माणूस पाठवून सगळी तार डोळ्यांनी तपासणे अशक्य. तेव्हा टोकाला बसूनच मोजमाप करायचे आणि आकड्यांवरून दोष ओळखायचा, ही शिस्त गरजेतून जन्माला आली.

ती शिस्त न पाळल्यास काय होते, याचा धडा १८५८मध्ये मिळाला. अटलांटिक महासागराखालून टाकलेली पहिली केबल मंद आणि अस्पष्ट संदेश देऊ लागली, तेव्हा वाइल्डमन व्हाइटहाऊस यांनी तिच्यावर प्रचंड दाबाची वीज लादली. केबल काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, अतिसंवेदनशील गॅल्व्हानोमीटरने क्षीण प्रवाह वाचण्याच्या बाजूचे होते. व्हाइटहाऊस यांचा आग्रह आणि 'अजून थोडा गॅस भरून पाहू' हा आग्रह यांच्यात फार अंतर नाही. १८६१मध्ये ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण एकक ठरवण्यासाठी समिती नेमली, तीही तारायंत्राच्या व्यवसायाला विश्वासार्ह मोजमाप हवे होते म्हणून. आज प्रत्येक मल्टिमीटरवर कोरलेले ओहमचे चिन्ह त्या निकडीतून आले.

कलकत्त्यात भारतीय तार खात्यात काम करणारे जर्मन विद्युततज्ज्ञ लुई श्वेंडलर यांनी १८७०च्या दशकात तारांच्या तपासणीच्या पद्धतशीर सूचनांचा ग्रंथ लिहिला. कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयाच्या स्थापनेत ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे श्वेंडलर. तार तपासण्याच्या त्या काळच्या रीतीचा गाभा दोन प्रश्नांचा होता. पलीकडच्या ठाण्याला सांगायचे की तार सोडवून मोकळी ठेवा. मग प्रवाह वाहता कामा नये. वाहिला तर वाटेत गळती आहे. नंतर सांगायचे की तार जमिनीला जोडा. मग रोध तेवढाच यायला हवा जेवढा त्या लांबीच्या तारेचा असतो. अधिक आला तर सांधा कच्चा आहे, अमर्याद आला तर तार तुटली आहे. मोकळी ठेवून एक मोजमाप, जोडून दुसरे. ही जोडी लक्षात ठेवावी, कारण ती पुढे गाडीच्या डॅशबोर्डखाली पुन्हा भेटणार आहे.

विसाव्या शतकात दोन्ही धागे जवळ येऊ लागले. भारतीय वाचकाला येथे जगदीशचंद्र बोस यांची आठवण होणे साहजिक आहे. गॅलिना या खनिजाचा विद्युतचुंबकीय लहरींचा ग्राहक म्हणून उपयोग करणारे त्यांचे अमेरिकी पेटंट १९०४चे. अर्धवाहकाचा उपकरण म्हणून झालेला तो अगदी आरंभीचा वापर, पण तापमानाशी त्याचा संबंध नव्हता. तापमानासाठी अर्धवाहक व्यवहारात आणण्याचे श्रेय सहसा सॅम्युअल रुबेन या अमेरिकी संशोधकाला दिले जाते. त्यांचा पेटंटसाठीचा अर्ज १९३०चा. अडचण होती ती एकसारखेपणाची. दोन मणी एकाच रोधाचे निघत नसत, आणि एकच मणी वर्षभराने वेगळा आकडा देई. बेल प्रयोगशाळेत मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांची भुकटी दाबून, भट्टीत भाजून स्थिर मणी बनवण्याचे तंत्र बसले. 'थर्मिस्टर' हे नावही तिथलेच. टेलिफोनच्या लांब तारांचा रोध दिवसा-रात्रीच्या तापमानाने बदलतो. तो बदल आपोआप भरून काढण्यासाठी त्यांना हा मणी हवा होता. थोडक्यात, तारेनेच तो मागितला. त्याच्या गुणधर्मांवर १९४६मध्ये बेकर, ग्रीन आणि पिअर्सन यांनी लिहिलेला शोधनिबंध प्रसिद्ध आहे. त्यांतील जेराल्ड पिअर्सन हे पुढे १९५४च्या सिलिकॉन सौरघटाच्या तीन जनकांपैकी एक.

मोटारीत एसी आला तेव्हा हा मणी तिथे नव्हता. पॅकार्डच्या १९४०च्या मॉडेलमध्ये थंडावा देणारी जाळी मागच्या डिकीत होती आणि तापमानाचे नियमन असे काही नव्हतेच. कॉम्प्रेसर थांबवायचा तर इंजिन बंद करून बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. १९६४मध्ये कॅडिलॅकने तापमान एकदा ठरवून दिले की ते आपोआप राखणारी यंत्रणा आणली. हवे ते तापमान आणि आहे ते तापमान यांतला फरक मोजायचा तर संवेदक लागणारच. त्या दिवसापासून एसी हे निव्वळ नळ्या-पंपांचे यंत्र राहिले नाही. त्याला विजेची जाणीव आली, आणि जाणीव आली म्हणजे भ्रम होण्याची सोयही आली.

पुढचा टप्पा संगणकाचा. अमेरिकेत १९९६पासून सर्व नव्या मोटारींना ओबीडी-२ ही स्वनिदान पद्धत लागू झाली. भारतात एप्रिल २०१०पासून बीएस-४ मोटारींत स्वनिदान टप्प्याटप्प्याने आले. मूळ हेतू धुराचे प्रदूषण आवरण्याचा होता. एसीला त्यात जागा मिळाली ती कॉम्प्रेसर इंजिनावर भार टाकतो म्हणून. शीतकाचा दाब मोजणाऱ्या संवेदकाच्या परिपथात व्होल्ट फार कमी आढळले तर पी ०५३२ आणि फार जास्त आढळले तर पी ०५३३ अशा सांकेतिक नोंदी ठरलेल्या आहेत. इव्हॅपोरेटरच्या मण्याची नोंद मात्र अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या सांकेतिक यादीत असते, आणि बाजारात मिळणारा स्वस्त स्कॅनर ती दाखवतच नाही. दोष नाही असे पडद्यावर दिसले, याचा अर्थ स्कॅनरला विचारता आले नाही, एवढाही असू शकतो.

नोंद दिसली तरी ती काय म्हणते ते नीट वाचायला हवे. 'परिपथात व्होल्ट जास्त' म्हणजे संवेदक निकामी, असा अर्थ नाही. तार तुटली, जोडणीतली पिन मागे सरकली, भूमीजोडणी सुटली, यांपैकी कशानेही तोच आकडा दिसेल. स्कॅनर लक्षण सांगतो. तो आकडा वाचून थेट नवा संवेदक मागवला जातो, तो बसवूनही एसी चालत नाही, मग नियंत्रक बदलला जातो. गिऱ्हाइकाच्या खिशातून एकेक सुटा भाग जात राहतो. रोजच्या फेरीवर पोट असलेल्या चालक-मालकाला या प्रयोगांची किंमत कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत येणाऱ्या मोटारमालकापेक्षा कितीतरी जड जाते.

खरी परीक्षा असते अर्धवट दोषांची. उदाहरणादाखल २५ अंशांना १० हजार ओहम रोध असलेला प्रचलित जातीचा मणी घ्या. १० अंशांना त्याचा रोध सुमारे २० हजार ओहम होतो, ५ अंशांना सुमारे २५ हजार, शून्याला सुमारे ३३ हजार. जोडणीवर हिरवट गंज चढला आणि वाटेत ५ हजार ओहमचा अनाहूत रोध आला, तर प्रत्यक्षात १० अंशांवर असलेली जाळी नियंत्रकाला ५ अंशांची भासते. कॉम्प्रेसर वेळेआधीच थांबू लागतो. एसी बंद नसतो; फक्त 'पूर्वीसारखा गार करत नाही'. या तक्रारीवर गॅस भरला जाण्याची शक्यता सर्वांत मोठी.

पावसाळ्यात उलटा खेळ होतो. जोडणीत ओल शिरली की दोन पिनांमध्ये गळतीची वाट तयार होते, अगदी श्वेंडलरच्या ओल्या इन्सुलेटरांसारखी. समजा ही वाट ६० हजार ओहमची आहे. जाळी २ अंशांवर आली, मण्याचा रोध साडेएकोणतीस हजार झाला. पण ६० हजारांच्या समांतर वाटेमुळे नियंत्रकाला दिसतात सुमारे २० हजार, म्हणजे १० अंश. तो कॉम्प्रेसर चालूच ठेवतो. जाळीवर बर्फ धरतो, झोत मंदावतो, अर्ध्या तासाने हवा येणे जवळपास थांबते. वैतागून चालक एसी बंद करतो, गाडी गॅरेजला नेतो, तोवर बर्फ वितळून खाली पाण्याचे डबके झालेले असते आणि तपासणीत सगळे ठीकठाक निघते. असा दोष सांगणाऱ्यावर मेकॅनिक विश्वास ठेवत नाही, आणि न सापडणाऱ्या दोषाचे पैसे घेणाऱ्या मेकॅनिकवर गिऱ्हाईक.

तरीही मोटारीसाठी थर्मिस्टर निवडला गेला तो याच कारणाने, की लहानसहान गंज त्याला बाधत नाही. अचूक तापमानासाठी प्रयोगशाळेत वापरली जाणारी १०० ओहमची प्लॅटिनमची तार अंशागणिक जेमतेम ०.३८५ ओहमने बदलते. वाटेत एक ओहमचा कच्चा सांधा आला की अडीच अंशांची चूक. १० हजार ओहमच्या मण्याला तो एक ओहम जाणवतही नाही, कारण तो अंशागणिक चार टक्क्यांहून अधिक बदलतो. कमी अचूक पण अधिक सोशिक, असा हा व्यवहारी सौदा आहे.

निदानाची रीत आता सोपी वाटावी. मण्याची जोडणी सोडवायची आणि नियंत्रकाकडून येणाऱ्या दोन तारांमध्ये व्होल्ट मोजायचे. पाच आले पाहिजेत. कमी आले तर तारेत गळती आहे किंवा नियंत्रकाकडून वीजच येत नाही. मग त्याच दोन तारा एका तुकड्याने जोडायच्या आणि स्कॅनरवर वाचन पाहायचे. 'अतिथंड' वरून ते 'अतिउष्ण' झाले पाहिजे. दोन्ही झाले तर तारा आणि नियंत्रक निर्दोष, दोष मण्यात. पलीकडच्या ठाण्याला पाठवलेले तेच दोन निरोप : तार मोकळी ठेवा, आता जमिनीला जोडा.

एक सावधगिरी मात्र तार खात्याला ठाऊक नव्हती. दाबाच्या संवेदकाला दोन नव्हे, तीन तारा असतात : पाच व्होल्टचा पुरवठा, भूमी आणि संकेत. पुरवठ्याची तार अनेकदा इंजिनावरच्या इतर संवेदकांशी सामाईक असते. ती चुकून भूमीला टेकवली तर एसीचा दोष शोधता शोधता गाडीच बंद पडते. आणि एखादा संवेदक आतून शॉर्ट झाला असेल तर नोंदी भलत्याच भागांच्या दिसतात. अशा तारेवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावणे तर टाळावेच. बल्बला लागणारा प्रवाह त्या नाजूक परिपथाच्या कुवतीबाहेरचा असतो. १९२३मध्ये ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते डोनाल्ड मॅकेडी यांनी व्होल्ट, अँपिअर आणि ओहम एकाच डब्यात आणणारे मीटर बाजारात आणले. त्याचे आजचे डिजिटल वंशज काही शे रुपयांत मिळते, आणि तपासणीखालच्या परिपथातून ते नगण्य प्रवाह घेते.

चुकीच्या निदानाची किंमत गॅरेजबाहेरही मोजावी लागते. मोटारींत पूर्वी आर-१२ हा वायू असे. १९७४मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी असे वायू ओझोनचा थर नष्ट करतात हे दाखवले, १९८७मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात सहभागी झाला, आणि आर-१२ची जागा आर-१३४एने घेतली. त्याने ओझोन वाचतो. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढ घडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली. वायू पुन्हा गोळा करण्याचे यंत्र नसलेल्या ठिकाणी 'गॅस बदलणे' म्हणजे आधीचा हवेत सोडून देणे. तुटलेल्या तारेसाठी भरलेला अर्धा किलो आर-१३४ए असा सुटला, तर तो सुमारे सातशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा.

नव्या नियमाचे ट्रक आता रस्त्यावर येऊ लागले आहेत. त्यांच्या केबिनमधील मण्यांना आणि जोडण्यांना अजून धूळ, खड्डे आणि काही पावसाळे पाहायचे आहेत. तारा सहसा तुटतात त्या हमी संपल्यानंतर, महामार्गावरच्या एखाद्या ढाब्याशेजारच्या गॅरेजमध्ये, जिथे गॅसचा सिलिंडर हाताशी उभा असतो आणि मीटर कपाटात.